विद्यापीठाचे विश्वस्त : त्यांचे अधिकार, त्यांची कर्तव्ये आणि आपली नोंद

आपल्या समाजात आज खेड्यापाड्यांतही पदवीधर भेटतात. ज्या घरात आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, त्याच घरात नातीचे पदवी प्रमाणपत्र चौकटीत बसवून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेले असते. ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु ज्या विद्यापीठाची मुद्रा त्या प्रमाणपत्रावर उमटलेली आहे, ते विद्यापीठ चालवते कोण? त्याचा पैसा कोणाच्या मंजुरीने खर्च होतो? नवे महाविद्यालय कोणत्या तालुक्याला मिळावे, हे कोण ठरवते? हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. विहाराच्या बांधकामाचा हिशेब आपण पै-पैचा मागतो, आणि ते योग्यच आहे. त्याहून कितीतरी मोठा असा विद्यापीठाचा हिशेब मागण्याचा मार्गही कायद्याने आपल्याला दिला आहे. त्या मार्गाची माहिती करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विश्वस्त कोणाला म्हणावे?

विश्वस्त म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा. मालमत्ता त्याच्या ताब्यात असते, पण ती त्याची नसते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली (आता त्याच्या नावात 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' आले आहे) आपल्या कितीतरी संस्था नोंदलेल्या आहेत, त्यामुळे विश्वस्त हा शब्द आपल्याला नवा नाही. हिशेब ठेवणे, त्याची तपासणी करून घेणे आणि संस्थेची जमीन विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेणे ही विश्वस्तांची बंधने आपल्या संस्थाचालकांना चांगली ठाऊक आहेत.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथे कारभार पाहणारे मंडळ विश्वस्त मंडळ याच नावाने ओळखले जाते. ते विद्यापीठ खासगी आहे. आपल्याकडील सार्वजनिक विद्यापीठांच्या कायद्यात 'विश्वस्त मंडळ' नावाचे मंडळ नाही. परंतु विश्वस्ताचे काम मात्र आहे, आणि ते प्रामुख्याने दोन मंडळांत वाटून दिलेले आहे. एक अधिसभा, म्हणजे ज्याला आपण सिनेट म्हणतो ती, आणि दुसरी व्यवस्थापन परिषद. अभ्यासक्रम व अध्यापनाचा दर्जा यांसाठी विद्या परिषद आहे, परंतु पैसा, मालमत्ता व धोरण यांचे विश्वस्त म्हणजे ही पहिली दोन मंडळेच होत.

आपले विद्यापीठ व त्याचा कायदा

वऱ्हाडातील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. ते विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. त्याला पुढे संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ व बुलढाणा हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशा कोणत्याही गावातील संलग्न महाविद्यालयात मुलाने पदवी घेतली, तरी ती पदवी अमरावतीची असते.

सुरुवातीला या विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदा होता. नंतर राज्यातील विद्यापीठांसाठी महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ हा एकच कायदा आला. त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ या कायद्याने घेतली. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. पुढील विवेचन त्याच कायद्याच्या आधारे आहे.

अधिसभा : अंदाजपत्रकाची मालकीण

अधिसभेत निरनिराळ्या घटकांची माणसे असतात. कुलपती, कुलगुरू व विद्यापीठाचे अधिकारी पदसिद्ध असतात. कुलपतींनी नामनिर्देशित केलेले सदस्य असतात, विधिमंडळाचे प्रतिनिधी असतात. प्राचार्य, अध्यापक व संस्थाचालक आपापले प्रतिनिधी निवडून पाठवतात. आणि दहा प्रतिनिधी नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे असतात. या दहांपैकी पाच जागा राखीव आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. मुदत पाच वर्षांची.

अधिसभेचे मुख्य काम कायद्याने स्पष्ट केले आहे. वित्तीय अंदाज व अर्थसंकल्पीय तरतुदी यांबाबत ती प्रमुख प्राधिकरण आहे. तसेच विद्यापीठाचे चालू व पुढील शिक्षणक्रम समाजाला कसे वाटतात, हे विद्यापीठाच्या कानावर घालणे हेही तिचेच काम. वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्या लागतात. अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, जमाखर्च व लेखापरीक्षकांचा अहवाल तिच्यापुढे यावा लागतो. विद्यापीठाचे परिनियम, म्हणजे कायद्याखालील मुख्य नियम, करण्याचा अधिकारही तिचाच, मात्र त्यांना कुलपतींची संमती लागते.

आणखी एक महत्त्वाचे काम म्हणजे बृहत् आराखडा. कोणत्या भागात कोणत्या विद्याशाखेचे महाविद्यालय हवे, याचा हा पाच वर्षांचा आराखडा असतो. २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी राज्यातील विद्यापीठांचे असे आराखडे झाले आहेत. विद्या परिषदेच्या शिफारशीनंतर हा आराखडा अधिसभेत येतो व पुढे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य आयोगाकडे जातो. जो बिंदू आराखड्यात नाही, तेथे महाविद्यालयाची परवानगी मागता येत नाही. लोणार किंवा सिंदखेड राजा तालुक्यातील एखाद्या गावच्या मुलीला बारावीनंतर रोज एसटीने किती अंतर जावे लागेल, हे या आराखड्यावर पुष्कळसे अवलंबून असते. आराखडा तयार होत असताना जो गप्प बसला, त्याने पाच वर्षांनंतर तक्रार करून उपयोग नाही.

व्यवस्थापन परिषद : रोजचा कारभार

अधिसभा वर्षातून दोनदा भरणारी मोठी सभा आहे. रोजच्या कारभारासाठी व्यवस्थापन परिषद आहे. कुलगुरू तिचे अध्यक्ष, कुलसचिव तिचे सचिव. अधिसभेतून प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक व पदवीधर यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी, असे आठ जण या परिषदेवर निवडून जातात. म्हणजे आपण दिलेले मत दोन पायऱ्या चढून विद्यापीठाच्या तिजोरीपर्यंत पोहोचू शकते.

विद्यापीठाची मालमत्ता धारण करणे व सांभाळणे, करार करणे व मोडणे, देणग्या व मृत्युपत्राने आलेली संपत्ती स्वीकारणे, निधी गुंतवणे, अंदाजपत्रक विचारात घेऊन अधिसभेकडे पाठवणे, अध्यादेश काढणे, हे सारे या परिषदेचे अधिकार आहेत. (अध्यादेश म्हणजे प्रवेश, परीक्षा, शुल्क इत्यादींविषयीचे विद्यापीठाचे नियम. राज्यपाल काढतात तो अध्यादेश वेगळा.) कायद्याने जे काम दुसऱ्या कोणत्याही प्राधिकरणाला दिलेले नाही, तेही याच परिषदेकडे येते.

अधिकाराला घातलेले कुंपण

बँकेत शाखाधिकाऱ्याला कर्ज मंजुरीची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्यापुढची फाइल वरच्या कार्यालयाकडे जाते. विद्यापीठाच्या विश्वस्तांचेही तसेच आहे. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवी पदे निर्माण करता येत नाहीत, वेतनश्रेणी बदलता येत नाही, एका कामासाठी आलेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही आणि स्थावर मालमत्ता विकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. विहाराच्या जागेसाठी जशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, तशीच ही.

दुसरे कुंपण कुलपतींचे. राज्याचे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. एखाद्या प्राधिकरणाचा ठराव कायद्याला धरून नाही किंवा विद्यापीठाच्या हिताचा नाही असे त्यांना वाटले, तर म्हणणे मांडण्याची संधी देऊन ते तो स्थगित करू शकतात किंवा त्यात फेरबदल करू शकतात. तिसरी गोष्ट कुलगुरूंची. तातडीच्या प्रसंगी सभेची वाट न पाहता निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना आहे, पण तो निर्णय नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावाच लागतो. तो खरोखर तातडीचा होता काय, हे विचारणे सदस्यांचे काम आहे.

हे कुंपण किती खरे असते, याचे उदाहरण आपल्या समाजाला सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत काय काय सोसावे लागले, ते सर्वांना माहीत आहे. विद्यापीठाचे नाव कायद्यात लिहिलेले असते. म्हणून विद्यापीठाच्या मंडळाने कितीही शिफारशी केल्या, तरी शेवटचा शब्द शासनाचा व विधिमंडळाचा असतो. कोणती मागणी कोणाच्या दारात न्यायची, हे जाणून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

कर्तव्य आणि खिशाची जबाबदारी

सिनेट सदस्यत्व म्हणजे मानाचे पद, लग्नपत्रिकेत नावापुढे छापण्याची गोष्ट, असा एक समज आहे. कायद्याला तो मान्य नाही. विद्यापीठाचे हितसंबंध सुरक्षित राहतील हे पाहणे प्रत्येक प्राधिकरणाचे व अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे कायदा सांगतो. कायद्याविरुद्ध वागल्यामुळे, किंवा जाणूनबुजून हयगय केल्यामुळे विद्यापीठाचे नुकसान झाले, तर ते संबंधित सदस्यांकडून एकत्रितपणे किंवा एकेकट्याकडून वसूल करता येते. सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. म्हणजे चूक झाली म्हणून कोणी घर विकायला लावत नाही. परंतु कागद न वाचता हात वर करणे ही सद्भावना आहे असे म्हणता येणार नाही.

याहून कडक कायदा म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. त्यातील लोकसेवकाच्या व्याख्येत विद्यापीठाच्या कुलगुरूंबरोबरच नियामक मंडळाचे सदस्यही येतात. परीक्षेच्या कामासाठी नेमलेला मनुष्यही येतो. पगार मिळतो की नाही, हा प्रश्नच नाही. गुजरातमधील एका अभिमत विद्यापीठाच्या विश्वस्ताविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये असा निर्णय दिला, की या कायद्यातील 'विद्यापीठ' या शब्दात अभिमत विद्यापीठही येते आणि त्याच्या विश्वस्तालाही लोकसेवक म्हणून जबाब द्यावा लागू शकतो. मी तर फक्त विश्वस्त, सरकारी नोकर नव्हे, ही सबब आता चालणार नाही.

काही माणसांना सदस्य होताच येत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल शिक्षा झालेला आणि खासगी शिकवणी वर्ग चालवणारा हे त्यांत येतात. ज्याचा धंदा परीक्षेवर चालतो, त्याच्या हाती परीक्षा घेणारे विद्यापीठ देऊ नये, हा त्यामागचा साधा विचार आहे. स्वतःच्या संस्थेचा किंवा नातेवाइकाच्या कराराचा विषय निघाला की सदस्याने त्या चर्चेतून बाजूला व्हावे, हेही याच विचाराला धरून आहे. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे.

एकट्या सदस्याला काय करता येत नाही?

येथे आपल्या लोकांचा मोठा गैरसमज होतो. कायद्याने अधिकार दिला आहे तो मंडळाला, सदस्याला नाही. सभेत बसून, चर्चा करून, मत देऊन जो ठराव होईल तोच विद्यापीठाचा निर्णय. सभेबाहेर एकटा सदस्य प्राचार्यांना हुकूम देऊ शकत नाही. तो कोणाचा प्रवेश करून देऊ शकत नाही, कोणाचे गुण वाढवू शकत नाही. परीक्षेचे काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते. ज्याला गुण कमी वाटतात त्याने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागावी, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत भरावा. संलग्न महाविद्यालयातून काढून टाकलेल्या अध्यापकाने विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागावी. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका घेऊन सिनेट सदस्याच्या घरी जाणारा पालक चुकीच्या दारात उभा असतो. आणि 'करून देतो' म्हणणारा सदस्य त्याहून चुकीचा असतो.

मग सदस्याने करायचे काय? अंदाजपत्रक वाचायचे. गेल्या वर्षी वसतिगृहासाठी, ग्रंथालयासाठी, विद्यार्थी कल्याणासाठी किती तरतूद होती व प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. तरतूद मोठी आणि खर्च थोडा असेल, तर कारण विचारायचे. लेखापरीक्षकाने काढलेला तोच आक्षेप दरवर्षी येत असेल, तर त्याची पूर्तता का झाली नाही ते विचारायचे. खातेवही जुळवणाऱ्या कोणत्याही माणसाला हे काम जमेल. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही, फक्त बसून वाचण्याची तयारी लागते.

जो सदस्य नाही, त्यालाही हे कागद बंद नाहीत. विद्यापीठ हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला, तर ठरावांच्या व लेखापरीक्षण अहवालाच्या प्रती मागता येतात, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

हा हक्क आपोआप आला नाही

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा सिनेटवर सरकारने नेमलेले फेलो बसत. पुढे थोड्या जागा निवडणुकीने भरू लागल्या, पण पदवीधर म्हणजे वरच्या जातींची मूठभर माणसे, तेव्हा निवडून येणारेही तेच. १९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे सदस्य असताना विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. त्यावर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना सिनेटवर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, हा मुद्दा आग्रहाने मांडला. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी कचेरी नव्हे, उच्च शिक्षणाचा लाभ खालच्या थरापर्यंत नेणे हे तिचे काम आहे आणि त्यासाठी त्या थरातली माणसे निर्णयाच्या जागी हवीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तो आपण दरवर्षी आठवतो. विधिमंडळातील हे काम मात्र फारसे आठवले जात नाही. आज अधिसभेतील राखीव जागा कायद्यात लिहिलेली आहे, तिची मुळे इतकी जुनी आहेत.

आपले नाव कोठे आहे?

आता शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पदवी मिळाली म्हणजे सिनेटचे मत मिळाले असे होत नाही. विद्यापीठाकडे नोंदणीकृत पदवीधरांची नोंदवही असते. विहित नमुन्यात अर्ज करून, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडून व ठरलेले शुल्क भरून त्यात नाव नोंदवावे लागते. ज्याचे नाव तेथे नाही, त्याला ना मत देता येते, ना उभे राहता येते.

पुष्कळ जणांना वाटते की आपले नाव पदवीधर मतदारसंघात आहे, तेव्हा काम झाले. तो घोटाळा आहे. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघ हा विधान परिषदेचा. त्याची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली. ती यादी निवडणूक आयोगाची, ही विद्यापीठाची. एका यादीतील नाव दुसरीत चालत नाही.

दुसरे असे, की राखीव जागेसाठी केवळ त्या प्रवर्गाचेच पदवीधर मत देतात असे नाही. सर्व नोंदणीकृत पदवीधर सर्व जागांसाठी मत देतात. म्हणून अनुसूचित जातीच्या जागेवर कोण बसावे, हे ठरवण्यात आपली नोंद कमी असेल तर आपला आवाजही कमी राहील. जागा आपल्या नावाची, पण निवड दुसऱ्यांची, अशी स्थिती मग होते. मतदानाच्या वेळी पसंतीक्रम १, २, ३ असा अंकांत लिहायचा असतो. फुली किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद होते. शिकलेल्या माणसाचे मत अशा कारणाने वाया जावे, हे बरे नव्हे.

ज्यांनी १९८३ पूर्वी नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली, त्यांनी आपल्या नोंदणीच्या हक्काबद्दल कुलसचिव कार्यालयात विचारून घ्यावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या भगिनींनी नावातील फरकाचा पुरावा जवळ ठेवावा. अमरावती येथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, एकेकट्याला जाणे परवडत नाही. म्हणून सुचवावेसे वाटते, की प्रत्येक गावच्या विहारात एक साधी वही ठेवावी. गावातील प्रत्येक पदवीधराचे नाव, पदवीचे वर्ष, महाविद्यालय आणि 'नोंदणी झाली / नाही' असे चार रकाने त्यात पाडावेत. नोंदणी सुरू झाल्याची सूचना निघाली की एका रविवारी सर्वांचे अर्ज एकत्र भरून घ्यावेत. दोन शिकलेली मुले व एक झेरॉक्सचे दुकान एवढ्यावर हे काम होते.

विश्वस्तांवर विश्वास ठेवावा, पण त्यांना निवडताना डोळे उघडे ठेवावेत आणि निवडल्यावर हिशेब विचारावा. हे दोन्ही करण्याचा पहिला कागद म्हणजे नोंदणीचा अर्ज. ज्या घरात पदवी प्रमाणपत्र भिंतीवर आहे, त्या घरातील माणसाचे नाव विद्यापीठाच्या नोंदवहीतही असले पाहिजे. पुढील निवडणुकीपूर्वी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक पदवीधराने एवढे तरी करावे, अशी विनंती आहे.